चौदा नंबरची जोडी

६ जून २०२५, शुक्रवार

पाणी एकतीस डिग्री! सकाळी शेडचं शटर वर केलं, थर्मामीटर बघितला आणि टाक्यांकडे धावले. चौदा नंबरच्या टाकीतली माशांची जोडी कोपऱ्यात तोंड वर करून उभी. नशीब, जिवंत!

पाणी गार करणारा नवा चिलर चार दिवस खोक्यातच पडून होता. जनरेटरच्या बोर्डावर एक जागा मोकळी असेल तर शपथ – पंप, हवेचा ब्लोअर, फ्रीझर. मग काय, फ्रीझरची पिन काढली, तिथे चिलर लावला. फ्रीझर भिंतीतल्या साध्या बोर्डावर. वायरमनला सांगून अजून एक पॉइंट काढून घ्यायचा – विसरू नकोस मिनल!

दुपारपर्यंत पाणी साडेअठ्ठावीस. हुश्श.

८ जून, रविवार

सोपानशेठ राउंडला आले. पुढच्या गाळ्यात त्यांचा प्रेसशॉप – गाड्यांची ब्रॅकेटं बनतात. धाड धाड धाड, दिवसभर. मागच्या गाळ्यात माझा समुद्र. गोण्यांतलं मीठ पाण्यात कालवून केलेला, चाळीस टाक्यांचा. चाकणमध्ये समुद्र! रत्नागिरीला चार वर्षं मत्स्यविज्ञान शिकले तेव्हा कुणी हे सांगितलं असतं तर हसले असते.

मासे म्हणजे क्लाउनफिश. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे. प्रेसवरची माणसं 'जोकर' म्हणतात. शोभेच्या टाक्यांसाठी मागणी भरपूर, समुद्रातून पकडून आणण्यापेक्षा इथेच पैदा करू – हे मीच शेठना पटवलं होतं. आज म्हणाले, "मॅडम, दिवाळीपर्यंत हजार पिल्लं दाखवा. न्हाईतर टाक्या काढून तिथं प्रेस बसवतो. मग माझ्या नावानं बोंबलू नका." हसत म्हणाले. पण ते हसत बोलतात तेच खरं असतं.

हजार! पंचवीस जोड्या आहेत. जमेल. जमायलाच पाहिजे.

२० जून, शुक्रवार

चौदा नंबरनं अंडी घातली! कौलाच्या तुकड्यावर, पिकल्या संत्र्याच्या रंगाची. साडेतीनशे तरी असतील. नर लगेच पंखांनी वारा घालायला लागला. गवराबाई मावशी कपाळावर हात मारून म्हणाल्या, "बाई थोरली, गडी बारका, आन् पोरं गडी सांभाळतो! असं कुठं असतंय व्हय ताई?"

मावशी खराबवाडीच्या. पन्नाशीच्या. आधी शेठच्या शेतात होत्या, शेताचे गाळे झाले तशा गाळ्यात आल्या. माशांचं खाणं त्यांच्याकडे. गुरुवारीसुद्धा त्याच येतात. गुरुवारी आमच्या लायनीतल्या गाळ्यांची लाइट दिवसभर बंद, म्हणून सगळ्यांना सुट्टी, मलाही. टाक्या जनरेटरवर.

खाणं म्हणजे वड्या. माकूळ, तिसऱ्या, कोळंबी एकत्र वाटायची, त्यात माशाचं तेल आणि जीवनसत्त्वं, चिक्कीसारखं पातळ थापून फ्रीझरला. महिन्याचं एकदम करते मी. अंड्यांसाठी मादीला हेच लागतं, नुसत्या डब्यातल्या कोरड्या दाण्यावर भागत नाही.

मावशी आज म्हणतात कशा – "ताई, गुरुवारची वडी लई गुणाची. चाकू लागत न्हाई, आपोआप सुटती. हात पन गारठत न्हाई." काय बाई! गुरुवार पाळणारी वडी! मी हसत सुटले.

९ जुलै, बुधवार

सहा नंबरची अंडी फिकी. पिवळसर, डाळीच्या पाण्यासारखी. असेल एखादी.

१४ जुलै, सोमवार

एखादी नाही. सहा, नऊ, अकरा, चौदा – चौदासुद्धा! चौदाच्या कौलावर जेमतेम शंभर अंडी आणि रंग उडालेला.

मीठ तपासलं. पाण्याची आम्लता तपासली. दिवे तपासले. सगळं बरोबर. मग काय चुकतंय? डोकं फिरायची वेळ आली.

कॉलेजात सर सांगायचे ते आठवलं – आज घातलेलं अंडं म्हणजे मादीचं आजचं नव्हे, महिना-सव्वा महिन्यापूर्वीचं जेवण. म्हणून आज काही बदललं तरी फळ पुढच्या महिन्यात दिसणार. महिना थांबायचं! माझ्याकडे दिवाळीपर्यंतच वेळ आहे.

२० जुलै, रविवार

वाईट वागले आज. लिहून ठेवते.

मावशी वडी हातात घेऊन आल्या. "ताई, हिला खवट वास येतोय. खोबरं जुनं झाल्यावर येतो तसला." मी आधीच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मेलेली अंडी मोजत बसलेले. तोडूनच टाकलं – "मासळीला वास येणारच ना मावशी! तुम्ही कधी समुद्र तरी बघितलाय का?"

वडी परत डब्यात ठेवली. "न्हाई बघितला," म्हणाल्या आणि गेल्या.

माकूळ कुलाब्याहून बर्फात येतो, मी स्वतः निवडते. वासाचं मला शिकवतायत! ...पण असं बोलायला नको होतं.

२४ जुलै, गुरुवार

सुट्टी. आकुर्डीत घरीच. पप्पांनी विचारलं, "भाकरी कुस्करत काय बसलीस?" सांगितलं सगळं. पप्पांनी तीस वर्षं कंपनीत मेंटेनन्सला काढली. त्यांचं एकच – "मशीन बिघडलं की आधी बघायचं, शेवटचा हात कुणी लावला."

मासे म्हणजे मशीन नाहीत पप्पा, म्हटलं.

५ ऑगस्ट, मंगळवार

चौदाच्या नरानं स्वतःची अंडी खाल्ली. माझ्या डोळ्यांदेखत. अंड्यात दम नसला की खातात – माहीत आहे, शिकलेय. तरी रडू आलं.

मावशींनी जेवायला बसवलं जबरदस्तीनं. त्यांच्या डब्यात सुकटीची चटणी, तव्यावर परतलेली, भरपूर लसूण. अख्खी शेड घमघमली! अर्धी मला दिली. "खावा ताई. माशापायी मानूस उपाशी राहतं का?" त्या दिवसाचं मनात धरलं नाही त्यांनी. मोठं मन आहे बाईचं.

१७ ऑगस्ट, रविवार

आता कळलं!! नव्या वड्या ठेवायला फ्रीझर उघडला तर जागाच नाही. जुन्या वड्या तशाच, थरच्या थर. महिनाभराचा माल! आणि कोरड्या दाण्याचा डबा रिकामा.

म्हणजे मावशी वड्या घालतच नाहीयेत. दाणा टाकतायत नुसता. आणि मी वेडी पाण्यात दोष शोधतेय!

१८ ऑगस्ट, सोमवार

शेठच्या केबिनमध्ये बसलो तिघं. शेठ प्रेसवाले, त्यांच्याकडे प्रत्येक बिघाडाला व्हाय-व्हाय. छापील कागद. पाच वेळा 'का?' विचारायचं, पाचव्याला मूळ सापडतं, खाली जबाबदार माणसाचं नाव. ब्रॅकेट असो की मासा.

अंडी का मेली? कमकुवत म्हणून. का? आईला पोषण कमी. का? वड्या मिळाल्या नाहीत. का?

मी मावशींकडे बघितलं. "का मावशी?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मग शेठकडे वळून म्हणाल्या, "श्रावण हाय न्हवं मालक. श्रावणात माकळाला हात कसा लावू? दाना घातला."

शेठनी कानाला हात लावला. ते स्वतः श्रावण पाळतात. मग म्हणाले, "अगं मग सांगायचं व्हतं ना! श्रावण तुझा, माशांचा न्हाई." कागद माझ्यापुढे सरकवला. शेवटच्या चौकटीत नाव मी लिहिलं. गवराबाई. अक्षर जरा वाकडं आलं.

दिवाळीपर्यंत घरी बसायला सांगितलं त्यांना. जाताना चौदाच्या टाकीपाशी थांबल्या. काचेवर बोट टेकवलं, बस.

आता गुरुवारचं खाणं जनरेटरवाला ज्ञानेश घालणार.

१९ ऑगस्ट, मंगळवार

वड्या सुरू केल्या. माझ्या हातानं. रात्री झोप नव्हती – पण त्यांचीच चूक होती ना? त्यांनीच कबूल केलं.

३० ऑगस्ट, शनिवार

नारिंगी! चौदा नंबर – नारिंगी! साधारण तीनशे. सहा आणि अकरासुद्धा. मी शेडमध्ये एकटीच नाचले. प्रेसवरचा एक जण दारातून बघून गेला, बघू दे मेला.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सात जोड्यांची अंडी फुटून पिल्लं निघाली. पाण्यात नुसत्या डोळ्यांचे ठिपके पळतायत. पहिल्या दहा दिवसांत निम्मी मरतात, तरी हिशोब धरला तर दिवाळीला हजार होतील!

शेठनी पेढे वाटले. सगळ्यांसमोर – "मॅडमनी बरोब्बर रूट कॉज पकडला. याला म्हणतात व्हाय-व्हाय!" कागद फ्रेम करून केबिनमध्ये लावणार म्हणे. मला हसायला आलं नाही नीट. त्या कागदावर मावशींचं नाव आहे.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

नऊ नंबर फिकी.

एकच आहे. एकच.

२९ सप्टेंबर, सोमवार

सहा, नऊ, सतरा. जेवण जात नाही. तीच अंडी पुन्हा पुन्हा मोजते. वड्या तर रोज घालतेय! स्वतः! गुरुवारी ज्ञानेश. एकही दिवस चुकला नाही! मग का?

शेठ काचेतून बघत होते. मी टाकीमागे सरकले.

२ ऑक्टोबर, गुरुवार

धम्मचक्र प्रवर्तन दिन. पप्पा-आईबरोबर देहूरोडच्या विहारात. पांढरी साडी, गर्दी, ओळखीचे पन्नास जण – "काय मिनल, मासे काय म्हणतात?" मासे काय म्हणणार कप्पाळ!

पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी शब्द चुकले. खोटं न बोलण्याचं. मी कुठे खोटं बोललेय? कुणाशी? उगाचच चुकले. आईनं वळून बघितलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

ज्ञानेशला ताप, म्हणून आज सुट्टीच्या दिवशी मीच गेले. पहिल्यांदाच गुरुवारी.

लाइट नाही. जनरेटर घुरघुरतोय, टाक्या चालू, सगळं ठीक. खाणं घालायला दुपारी फ्रीझर उघडला. आतून गार हवा आलीच नाही. वडीला हात लावला – मऊ. चाकू न लावता आपोआप सुटली.

दिवा बंद. फ्रीझरचा दिवा बंद! तो जनरेटरवर नाहीच. भिंतीतल्या साध्या बोर्डावर आहे. पिन मीच तिथे लावलीय.

वडी नाकाशी नेली. जुन्या खोबऱ्याचा वास.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

रात्रभर हीच वही वाचली. सगळं इथेच लिहिलेलं आहे. माझ्याच अक्षरात!

६ जून – पिन काढली. वायरमनला सांगायचं विसरले. चार महिने विसरले! तेव्हापासून दर गुरुवारी वड्या वितळल्या, दर शुक्रवारी पुन्हा दगड. शुक्रवारी मी येईपर्यंत सगळं कडक, मला काय दिसणार? तेल खवट झालं, जीवनसत्त्वं गेली. जुलैत अंडी फिकी – महिना-सव्वा महिन्यानं, सर सांगायचे तसंच.

आणि श्रावण लागला पंचवीस जुलैला. अंडी बिघडली ती नऊ जुलैपासून! आधी! त्या दिवशी केबिनमध्ये नुसती तारीख बघितली असती तर – पण मला तारीख बघायचीच नव्हती. मला नाव हवं होतं.

सगळ्यात वाईट पुढेच आहे. ऑगस्टअखेरची नारिंगी अंडी – ती कशाची? महिनाभर आधीच्या जेवणाची. म्हणजे मावशींनी घातलेल्या दाण्याची! तो दाणा वड्यांइतका भारी नसेल, पण ताजा होता, खवट नव्हता. मावशींच्या महिन्यानं मासे सावरले. पेढे मी खाल्ले. आणि एकोणीस ऑगस्टपासून मी स्वतःच्या हातानं पुन्हा खवट वड्या घालत बसले.

११ ऑक्टोबर, शनिवार

पिन बदलली – फ्रीझर जनरेटरवर, वायरमन येईपर्यंत चिलर भिंतीवर. तीन मिनिटांचं काम. जुन्या वड्या पोत्यात भरून पुरायला दिल्या. दाणा सुरू, ताज्या वड्या उद्या.

आता कुणाला काही कळणार नाही. महिन्याभरात अंडी आपोआप सुधारतील. टाकीत सहाशे पिल्लं आहेत, हजार नाहीत, पण शेठना मुदत मागता येईल. गप्प बसले तर नोकरी राहील, शेडही राहील कदाचित. सांगितलं तर शेठ काय करतील? घरी बसवतील. जसं मावशींना बसवलं.

गप्प बसायला काय लागतं? काहीच नाही. नुसतं गप्प.

पप्पांना सांगितलं. त्यांनी टीव्ही बंद केला. ओरडले नाहीत. "तुझं वाचन झालं का वहीचं?" एवढंच. मग पाण्याचा ग्लास पुढे करत – "ती बाई आता काय करते?"

मला माहीतही नव्हतं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

नवा व्हाय-व्हाय लिहून नेला. पाचव्या 'का?'ला फ्रीझरची पिन. जबाबदार: मिनल. या वेळी अक्षर सरळ.

शेठनी दोनदा वाचला. भिंतीवरची फ्रेम काढली, मागची पट्टी उचकटून जुना कागद काढला, फाडला.

"मॅडम," शेवटी म्हणाले, "माझ्या प्रेसवर असं झालं असतं तर मी मानूस काढला असता." तुकडे टोपलीत टाकले. "पन स्वतःचं नाव लिहून कागद आननारा मानूस मला चाळीस वर्षांत दुसराच भेटला. पहिला मीच." आणि हसले. देवा, पहिल्यांदा खरं हसले. "डिसेंबरपतूर मुदत. आन् गवराबाईला तुमी आना. मी न्हाई जानार. तुमचं तुमी निस्तरा."

बाहेर येऊन स्कूटरवर बसले आणि रडले. भर दुपारी, कंटेनरच्या रांगेशेजारी.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

खराबवाडीला गेले. मावशी एका कंपनीच्या कॅन्टीनला लागल्यात, चपात्या लाटायला. रोज चारशे. खांदा धरलाय, हात वर होत नाही. मुलगी तनुजा चहा करून गेली, माझ्याकडे बघितलंही नाही. बरोबरच आहे.

सगळं सांगितलं. पिन, गुरुवार, खवट तेल, माझं नाव. पाया पडले तर उठवलं – "काय हे ताई! शिकलेलं मानूस तुमी."

"तुम्ही काहीच चुकला नव्हता मावशी. तुमच्या दाण्यानंच मासे वाचले."

"असू द्या. श्रावण व्हता, पाळला. त्यात काय येवढं." आणि लगेच, "चौदा नंबर बरी हाय ना? गडी खातोय का न्हाई?"

बरी आहे म्हटलं.

"आन् त्या वासाच्या वड्या? टाकल्या न्हवं सगळ्या?"

टाकल्या म्हटलं. सोमवारपासून येते म्हणाल्या. निघताना मूठभर शेंगा ओंजळीत घातल्या.

येताना तळवडे चौकात अर्धा तास अडकले. एकच डोक्यात फिरत होतं – वड्या सोडल्या त्या श्रावणासाठी. मग त्यांनी वासाचं का विचारलं?

१५ ऑक्टोबर, बुधवार

पाच ऑगस्टचं पान आत्ता पुन्हा वाचलं. आमच्या घरी श्रावण नसतो, म्हणून कधी डोक्यात आलंच नाही.

मावशींच्या डब्यात सुकट होती, म्हणजे मासळीच. पाच ऑगस्टला. भर श्रावणात. म्हणजे वड्या सोडल्या त्या वासामुळेच, आणि मी त्यांना उडवून लावलं ते शेठपुढे झाकलं.

त्या श्रावण पाळतच नव्हत्या.